नव्या गाडीचे फटाके: मामाचे कानमंत्र

भाच्या, गाडी कोरी करकरीत आहे, अजून पहिली सर्व्हिसही झालेली नाही, आणि सिग्नलला उभी केली की इंजिन अडखळतं. रेस सोडली की सायलेन्सरमधून फट-फट आवाज येतो. एवढं झाल्यावर तुझ्या मित्रांनी निदान केलं नसतं तरच नवल. एक म्हणाला पेट्रोल खराब, दुसरा म्हणाला प्लग बदल, तिसरा म्हणाला स्लो वाढव, चौथ्याने तर थेट सायलेन्सरच बदलायला सांगितला. पण आवाज नेमका कधी येतो, हे यांच्यापैकी कोणीच विचारलं नाही. राजदूत, येझदी, आरएक्स 100 पासून आजच्या एफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनच्या गाडीपर्यंत माझा सगळा धंदा या एकाच प्रश्नावर चालला. आवाज कसाही असो, त्याची वेळ कळली की निम्मी दुरुस्ती झाली. म्हणून पाना हातात घेण्याआधी हे नीट वाच.

स्वाभाविक काय, ते आधी ओळख

तुझी गाडी एका सिलिंडरची, फोर-स्ट्रोक. तिच्यात इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. 1200 आरपीएमला सेकंदात फक्त 10 स्फोट. त्यामुळे उभ्या गाडीच्या हँडलला आणि फूटरेस्टला थरथर जाणवणारच. चार सिलिंडरच्या मोटारीचा गुळगुळीतपणा इथे शोधू नकोस.

सकाळी थंड इंजिन चालू केलं की स्लो, म्हणजे उभ्या गाडीचा आरपीएम, चढलेला असतो आणि मिनिट-दोन मिनिटांत आपोआप खाली येतो. हा बिघाड नव्हे. इंजिन थंड असल्याचं सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, कळवतो आणि ईसीयू जादा पेट्रोल देतं. पूर्वी आपण चोक ओढायचो, तेच काम आता यंत्र करतं. गरम झाल्यावर बहुतेक छोट्या गाड्या 1000 ते 1500 आरपीएमच्या मध्ये कुठेतरी स्थिरावतात. तुझ्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. तो पाहून ठेव, अंदाजाने बोलू नकोस.

आता फटाक्यांचं. तू वेगात असताना रेस सोडतोस तेव्हा हवेची वाट जवळजवळ बंद होते. आत जाणारं मिश्रण इतकं पातळ होतं की एखादा स्फोट नीट होतच नाही. न जळलेलं पेट्रोल तसंच गरम बेंड पाईपमध्ये उतरतं. तिथे त्याला थोडी ताजी हवा मिळाली की ते पाईपमध्येच पेटतं, आणि आपल्याला ‘फट’ ऐकू येतं. 1 एप्रिल 2020 पासून धुराबाबतचे बीएस-6 नियम आले. आजच्या बऱ्याच गाड्यांत एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो एअर फिल्टरच्या बाजूची स्वच्छ हवा मुद्दाम एक्झॉस्टमध्ये सोडतो. उरलंसुरलं पेट्रोल तिथेच जळावं आणि धूर स्वच्छ व्हावा, हा त्याचा हेतू. त्या हवेमुळेही बारीक फुटफुट होते. करूळ घाट उतरताना गाडी गिअरमध्ये आहे, रेस पूर्ण सोडलेली आहे आणि मधूनच एखादा मऊ फटका ऐकू आला, तर खुशाल पुढे जा.

इंजिन बंद केल्यावर येणारा टिक-टिक आवाजही काही जण ‘फटाका’ म्हणून सांगतात. तो गार होताना आकसणाऱ्या पत्र्याचा आवाज असतो. त्याची काळजी सोडून दे.

काळजी करायची ती चार ठिकाणी: उभ्या गाडीत सतत फटफट होणं, रेस देताना गाडी खोकणं, बंदुकीसारखा मोठा बार, आणि सिग्नलला गाडी बंद पडणं. यातलं एक जरी असलं तरी कारण शोधायला हवं.

चार प्रश्नांची चिठ्ठी लिही

मोबाइलमध्ये नको, कागदावर लिही. कागद सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डला जोडता येतो.

पहिला प्रश्न: थंड असताना की गरम झाल्यावर? फक्त थंड असताना अडखळत असेल तर संशय पेट्रोल, प्लग आणि तापमानाच्या सेन्सरवर. सकाळी ठीक आणि ट्रॅफिकमध्ये तापल्यावर बिघडत असेल, तर टॅपेट घट्ट आहे का आणि कुठून चोरून हवा येते का, ते बघावं लागेल.

दुसरा प्रश्न: रेस सोडताना, देताना की उभ्या गाडीत? सोडताना फुटलं तर बहुधा हवेचा किंवा सायलेन्सरच्या जोडाचा मामला. देताना खोकली तर पेट्रोल कमी पडतंय किंवा ठिणगी चुकतेय. आवाज मागून सायलेन्सरमधून येतो की सीटखालून, एअर फिल्टरच्या बाजूने, तेही लिही. दोन्हींची कारणं वेगळी असतात.

तिसरा प्रश्न: सुरुवातीपासून आहे की काहीतरी घडल्यावर सुरू झालं? नवीन पंपावर पेट्रोल भरलं, गाडी धुतली, पावसात भिजली, अलार्म किंवा फॉग लाइट बसवले. यातलं काय आधी झालं, ते आठव.

चौथा प्रश्न: दर वेळी होतं की कधीकधी? कधीकधी होणारा बिघाड मेकॅनिकसमोर हटकून लपतो. म्हणून तो होत असतानाच मीटर दिसेल आणि आवाज ऐकू येईल असा व्हिडिओ काढून ठेव.

फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी

गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेव आणि हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळव. आरपीएम बदलला तर अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला ढील नाही, किंवा हँडलपाशी एखादी वायर ताणली जातेय. नव्या गाडीत हा दोष निघतो आणि दहा मिनिटांत जातो.

चावी फिरवल्यावर मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी चालू झाल्यावर विझतो. न विझता राहिला, तर ईसीयूने एखादा दोष नोंदवून ठेवलाय. एप्रिल 2023 पासून आलेल्या गाड्यांत ही देखरेख आणखी कडक झाली आहे. पण दिवा नाही म्हणजे दोष नाही, असंही समजू नकोस. घट्ट टॅपेट किंवा ढिला बेंड पाईप सेन्सरला थेट दिसत नाही.

बॅटरीची टर्मिनलं हलतात का, ते बघ. शोरूममध्ये घाईत जोडलेली बॅटरी ढिली राहू शकते. उभ्या गाडीत बॅटरी साधारण 12.4 व्होल्टच्या वर असावी आणि इंजिन चालू असताना साधारण 13.5 ते 14.5 दाखवावं. एफआय गाडीत पंप, इंजेक्टर आणि ठिणगी तिन्ही विजेवरच चालतात. वीज अडखळली की इंजिनही अडखळतं.

गाडी धुतल्यावर किंवा पहिल्या पावसानंतर त्रास सुरू झाला असेल तर प्लग कॅप बघ. तिच्यात पाणी शिरलं तर ठिणगी प्लगच्या टोकाऐवजी बाहेरच्या बाहेर पळते. इंजिन गार असताना कॅप काढ, कोरडी कर आणि घट्ट दाबून बसव. पल्सरसारख्या काही गाड्यांत एका सिलिंडरला दोन, तर काहींत तीन प्लग असतात. त्यातला एक मेला तरी गाडी चालते, पण उभी असताना थरथरते आणि पिकअप मंदावतो. अशा गाडीत एकच कॅप बघून थांबू नकोस.

पेट्रोलवर संशय घ्यायचा तर नीट घे

आता पंपावर जे मिळतं ते बहुतेक ई-20, म्हणजे त्यात 20 टक्के इथेनॉल. आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्याही ते बनवतात. निव्वळ पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते, ई-20 ला सुमारे 13.5 पट. म्हणजे हवा तेवढीच ठेवली तर ई-20 थोडं जास्त सोडावं लागतं. नवी गाडी हे स्वतः सांभाळते. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर मोजतो आणि ईसीयू हिशेब जुळवतं. म्हणून नव्या गाडीच्या प्रत्येक फटाक्याचं खापर इथेनॉलवर फोडू नकोस.

पाण्याची गोष्ट मात्र खरी आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं. ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि पेट्रोलचा पंप तळातूनच ओढतो. मग गाडी अचानक मिसिंग मारते. पावसाळ्यात वर्दळीच्या पंपावरच भर, म्हणजे माल ताजा मिळतो. टँकर खाली होत असेल तर त्या वेळी भरू नकोस. संशय आला तर स्वच्छ काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल घेऊन स्थिर ठेव. दोन थर दिसले तर पाणी आहे. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागायचा तुला हक्क आहे.

आणखी दोन सवयी लाव. टाकी गळ्यापर्यंत भरू नकोस. पेट्रोलची वाफ साठवणारा कॅनिस्टर आजच्या गाड्यांत असतो. त्यात पातळ पेट्रोल उतरलं की टाकी भरल्या भरल्या स्लो बिघडतो. टाकी अगदी कोरडीही पाडू नकोस. पंप टाकीतल्या पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि त्यानेच गार राहतो. पेट्रोल कमी असेल तर चढावर, वळणावर तो हवा ओढतो आणि गाडी आचके देते.

शोरूमच्या गोदामात गाडी महिनोन् महिने थोड्याशा पेट्रोलवर उभी असेल, तर ते शिळं होतं. अशा वेळी पहिल्या एक-दोन टाक्या ताज्या पेट्रोलवर काढून बघ. त्यातच त्रास गेला तर पुढे काही उघडायची गरज नाही.

चोरून येणारी हवा

थ्रॉटल बॉडी आणि सिलिंडर हेड यांच्यामध्ये एक रबरी नळी असते, तिला क्लॅम्प लावलेला असतो. क्लॅम्प ढिला राहिला किंवा एखादा व्हॅक्यूमचा बारीक होज निसटला की हिशेबाबाहेरची हवा आत जाते. खूण अशी: स्लो वर-खाली होत राहतो, रेस सोडल्यावर आरपीएम लगेच न उतरता रेंगाळतो आणि उतरताना फटाके फुटतात. या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या तर मी आधी तिथेच हात घालतो.

जुने मिस्त्री यासाठी चालू इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनर मारून बघायचे. तू ते कधीच करू नकोस, तापलेल्या इंजिनावर भडका उडतो. वायरींपासून लांब, फक्त त्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारला आणि इंजिनाचा सूर बदलला, तर गळती तिथेच आहे. तेही मेकॅनिकला करू दे. तू फक्त क्लॅम्प आणि होज जागेवर आहेत का, ते डोळ्याने बघ.

बेंड पाईपचा जोड

नव्या गाडीतल्या फटाक्यांचं हे हमखास कारण. बेंड पाईप हेडला जिथे लागतो तिथे गॅस्केट असतं. पहिल्या काही दिवसांत पाईप तापतो, गार होतो, पुन्हा तापतो, आणि नट किंचित सैल पडतात. स्फोटांच्या मधल्या क्षणी पाईपात जी ओढ निर्माण होते, तिने त्या फटीतून बाहेरची हवा आत येते. हवा आली की फटाका आला.

दुसरा घोळ याहून वाईट. फट ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो. ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, म्हणून ते वाढवतं. मग इंजिन उगाच जास्त पेट्रोल पितं, उभी असताना गाडी जड चालते आणि सायलेन्सरचं तोंड काळं होतं. दोष जोडाचा, पण संशय जातो इंजेक्टरवर.

तपासणी गाडी थंड असताना, चालू केल्या केल्या कर. जोडाभोवती काजळीचा काळा डाग दिसतो का बघ. जाड फडका घेऊन सायलेन्सरचं तोंड क्षणभर अर्धवट झाक आणि पुढून ‘फुस्स’ येतं का ऐक. पाईप तापला असेल तर हे करू नकोस, हात भाजेल. नट आवळायचे तर दोन्ही बाजू सारख्या, ठरलेल्या टॉर्कला. एकच बाजू आवळली तर गॅस्केट तिरकं बसतं आणि गळती वाढते.

टॅपेट वाजलेला बरा, घट्ट बरा नाही

नव्या इंजिनात व्हॉल्व्ह आपल्या जागेवर नीट बसत जातात आणि टॅपेटची फट कमी होते. फट संपली की गरम झालेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. कॉम्प्रेशन निसटतं, गाडी गरम झाल्यावर सिग्नलला बंद पडते, आणि जळतं मिश्रण पाईपात उतरून फुटतं. असाच काळ गेला तर व्हॉल्व्हची कड जळते. बारीक टक-टक ऐकून टॅपेट आवळायला सांगणारे गिऱ्हाईक म्हणूनच मला आवडत नाहीत.

पहिल्या सर्व्हिसला टॅपेट बघणं तुझ्या गाडीच्या यादीत आहे का, ते मॅन्युअलमध्ये वाच. काही इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट असतात, त्यांना हे लागत नाही. फीलर गेजने फट मोजायची ती इंजिन पूर्ण गार असताना. गाडी चालवत नेलीस आणि लगेच मोजली तर आकडा चुकतो. म्हणून आदल्या संध्याकाळीच गाडी सर्व्हिस सेंटरमध्ये लावून ये. सकाळचा पहिला स्टार्टही त्यांना ऐकायला मिळेल.

या गोष्टींना हात लावू नकोस

थ्रॉटल बॉडीवर रंगाचा ठिपका लावलेला स्क्रू दिसेल. तो कंपनीने बसवलेला आहे. कार्ब्युरेटरच्या काळात आम्ही स्लोचा स्क्रू फिरवून गिऱ्हाईकाला खूश करायचो. एफआय गाडीत स्लो ईसीयू सांभाळतं. स्क्रू फिरवलास तर दोष झाकला जाईल, जाणार नाही. शिवाय ठिपका तुटलेला दिसला की वॉरंटीवर वाद सुरू होईल.

रिकामा सायलेन्सर, उघडा एअर फिल्टर, पेट्रोलचं मिश्रण बदलणारे डबे, यांतलं काही वॉरंटीच्या काळात बसवू नकोस. हवा वाढते, मिश्रण पातळ होतं आणि नसलेले फटाके सुरू होतात. वर कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली आवाज आणि धुराच्या नियमभंगाला 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुंबई-पुण्यात पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडलेले आहेत.

आणि ते किल स्विचचं खूळ. चालत्या गाडीत स्विच बंद-चालू करून बार काढायचा, गल्लीतल्या पोरांनी टाळ्या पिटायच्या. त्या क्षणी न जळलेलं पेट्रोल तापलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये शिरतं आणि तिथे पेटतं. आतली जाळी वितळली की सायलेन्सर तुंबतो आणि नवा भाग खिशाला भोक पाडतो. टाळ्या पिटणारे बिल भरायला येत नाहीत.

सर्व्हिस सेंटरमध्ये कसं बोलायचं

‘गाडी मिसिंग करते’ एवढंच सांगितलंस तर गाडी धुऊन, चेन ऑइल करून परत देतील. जॉब कार्डवर पूर्ण वाक्य लिहून घे: इंजिन गरम झाल्यावर, न्यूट्रलमध्ये, आरपीएम अमुक ते अमुक हेलकावतो, तिसऱ्या गिअरमध्ये रेस सोडल्यावर फटाके येतात. व्हिडिओ दाखव. ईसीयूमध्ये नोंदलेले दोष स्कॅनरवर बघायला सांग आणि निकाल कार्डवर लिहून माग. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आहे का, ते विचार. काही गाड्यांचा स्लो तेवढ्यानेही सुधारतो. मेकॅनिकला मागे बसवून एक फेरी मार, म्हणजे तुला ऐकू येतं ते त्यालाही येईल.

कामाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे: पेट्रोल, बॅटरीची टर्मिनलं, केबल, प्लग आणि कॅप, क्लॅम्प आणि होज, बेंड पाईपचं गॅस्केट, टॅपेट, त्यानंतर सेन्सर आणि इंजेक्टर. एका वेळी एकच गोष्ट बदलू दे. तीन भाग एकदम बदलले तर गाडी कशामुळे सुधारली ते कळत नाही, आणि त्रास परतला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

प्रत्येक जॉब कार्डाची प्रत जपून ठेव. तोच दोष परत परत आला आणि दाद मिळेना, तर कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी कळव. तरी हललं नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे कागदच बोलतात.

पिवळा दिवा लुकलुकत असेल, पेट्रोलचा वास येत असेल किंवा चालता चालता गाडी बंद पडत असेल, तर तपासणी होईपर्यंत घाटात नेऊ नकोस. वळणावर बंद पडलेली गाडी तुलाही पाडेल आणि मागून येणाऱ्यालाही.

बाकी नव्या गाडीचं हे दुखणं बहुतेक वेळा एखाद्या ढिल्या जोडाचं, वाईट पेट्रोलचं किंवा राहून गेलेल्या टॅपेटचं असतं, इंजिनाचं नसतं. उद्या सकाळी गाडी थंड असतानाच चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिही आणि तो कागद घेऊन पहिल्या सर्व्हिसला जा. पाना त्यांच्या हातात राहू दे, कान मात्र तुझे उघडे ठेव.